जेफरसन काउंटीत दारोदार

फोन सांगत होता की घर आलं, आणि माझ्या चारी बाजूंना नुसता मका उभा होता. सप्टेंबरमधला मका, माझ्या डोक्याच्याही वर हातभर गेलेला. खडीचा रस्ता पुढे शंभर पावलांवर संपून मातीचा झाला होता आणि त्या जोडावर एक पाटी होती : लेव्हल बी रस्ता, आत जायचं तर स्वतःच्या जबाबदारीवर. आयोवा राज्यात ज्या रस्त्यांची देखभाल काउंटी फारशी करत नाही, त्यांना ही पाटी लावतात. आपल्याकडे अशा रस्त्याला पाणंद म्हणतात. कोरेगावात आमच्या मळ्याकडे जाणारी वाट अशीच होती, फक्त दोन्ही बाजूंना ऊस असायचा. आदल्या रात्री पाऊस झालेला. मी गाडी खडीवर उभी केली, गळ्यातलं ओळखपत्र बाहेर काढून सारखं केलं, मास्क लावला आणि चिखलातून चालू लागले.

ही गोष्ट 2020 सालची आहे. अमेरिकेच्या दशवार्षिक जनगणनेत मी आयोवाच्या आग्नेय भागातल्या जेफरसन काउंटीत प्रगणक म्हणून काम केलं. नवऱ्याच्या शिक्षणामुळे आम्ही फेअरफिल्डला आलो आणि इथेच राहिलो. 2017 साली मी इथली नागरिक झाले. तरी जनगणनेआधी मला कुणी ‘तुमची काउंटी कशी आहे हो?’ असं विचारलं असतं, तर मी फेअरफिल्डचा चौक, विद्यापीठ, वाचनालय आणि किराण्याची दुकानं एवढंच सांगितलं असतं. काउंटी त्यापलीकडे आहे हे माहीत होतं, पण तिथल्या कुठल्या दारापुढे मी कधी उभी राहिले नव्हते.

काउंटी म्हणजे आपल्या मोठ्या तालुक्याएवढी जागा. जेफरसन काउंटी साधारण 437 चौरस मैलांची, म्हणजे अकराशे तीस चौरस किलोमीटरच्या घरात. कारभार मात्र जिल्ह्यासारखा : स्वतःचं कोर्ट, स्वतःचा शेरीफ, लोकांनी निवडलेले सुपरवायझर. नकाशावर तिचे बारा चौकोन पडतात, प्रत्येक सहा मैल बाय सहा मैल. त्यांना टाउनशिप म्हणतात. प्रत्येक टाउनशिपचे पुन्हा मैल मैल लांबीरुंदीचे छत्तीस तुकडे आणि बहुतेक तुकड्यांच्या कडेने खडीचा सरळसोट रस्ता. एकोणिसाव्या शतकात मोजणीदारांनी साखळ्या ओढून जमीन आखली ती अशी. आपल्या गावच्या वाटा ओढ्याच्या आणि बांधाच्या कलाने वळतात, इथले रस्ते ओढ्याला जुमानत नाहीत. जिथे स्कंक नदी किंवा सीडर क्रीक आडवी येते तिथेच तेवढे ते वाकडे होतात.

आईला फोनवर सांगितलं की मी जनगणनेचं काम घेतलंय, तेव्हा ती खूप खूश झाली. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. 1991 च्या जनगणनेत तिच्याकडे गावची एक आळी आणि भोवतालच्या वस्त्या होत्या. मी तेव्हा तिसरीत. 28 फेब्रुवारीच्या रात्री, बेघर माणसांची नोंद करायची म्हणून ती कंदील घेऊन एसटी स्टँडकडे गेली होती आणि मी हट्टाने तिच्याबरोबर गेले होते. स्टँडच्या भिंतीला टेकून एक म्हातारी झोपली होती. आईने तिला हाक मारून उठवलं नाही. ती जागी होईपर्यंत शेजारी बसून राहिली आणि मग नाव विचारलं. हे मला आजही लख्ख आठवतं. फोनवर ती म्हणाली, “एक ध्यानात ठेव. दार बंद दिसलं म्हणून घर रिकामं समजायचं नाही.” तीस वर्षांपूर्वी तिच्या मुख्याध्यापकांनी तिला हेच सांगितलं होतं.

अर्ज, बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी असं सगळं झाल्यावर शपथेचा दिवस आला. सहा-सहा फुटांवर खुर्च्या मांडलेल्या, सगळ्यांना मास्क. उजवा हात वर करून आम्ही म्हटलं की लोकांनी दिलेली माहिती आम्ही कुणालाही सांगणार नाही. ही शपथ काम संपल्यावर सुटत नाही, ती जन्मभराची आहे. मोडली तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. घराघरांची मूळ उत्तरं 72 वर्षं कुलपात राहतात. 2020 सालची 2092 मध्ये उघडतील. त्यामुळे या लेखात कुणाच्या घरात किती माणसं होती, कोण काय म्हणालं, हे येणार नाही. रस्ते, गावं आणि माझं काम एवढंच सांगते.

शपथेनंतर हातात एक फोन, काळी पिशवी आणि कागदांचा गठ्ठा पडला. प्रशिक्षण बहुतेक घरी बसून, कॉम्प्युटरवर. देशभरात तीनातल्या दोन घरांनी स्वतःहून फॉर्म भरला होता. आम्ही जायचं ते उरलेल्यांकडे. रोज सकाळी फोनवर त्या दिवसाचे पत्ते यायचे. दारात जाऊन पहिला प्रश्न विचारायचा : 1 एप्रिल 2020 रोजी इथे कोण राहत होतं? मग नाव, वय, जन्मतारीख, वंश, एकमेकांशी नातं, घर मालकीचं की भाड्याचं. दार उघडलं नाही तर चिठ्ठी ठेवायची आणि पुन्हा यायचं. तीन खेपा वाया गेल्या की शेजाऱ्याला विचारायची मुभा होती.

कागदांच्या गठ्ठ्यात भाषा ओळखायचं एक पत्रक होतं. समोरच्याला इंग्रजी येत नसेल तर ते पुढे करायचं, म्हणजे तो आपल्या भाषेच्या ओळीवर बोट ठेवील. त्यात 59 भाषा होत्या. मी नेपाळी शोधत होते, अम्हारिक शोधत होते, कारण विद्यापीठातल्या कॉम्प्युटरच्या वर्गांमुळे नेपाळ आणि इथिओपियाची मुलं आमच्या गावात राहतात. बोट खाली सरकवताना मराठी दिसली. देवनागरीत, माझी भाषा, आयोवातल्या मक्याच्या गावात सरकारी कागदावर. मी तो कागद घरी नेऊन मुलीला दाखवला. पूर्ण कामात त्या ओळीवर कुणी बोट ठेवलं नाही, पण पत्रक मी रोज पिशवीत सगळ्यात वर ठेवत होते.

पहिले दिवस फेअरफिल्डमध्ये गेले. काउंटीतली निम्म्याहून जास्त माणसं या एका गावात राहतात. गावाला स्वतःचा मोठा इतिहास आहे आणि तो इथले लोक प्रेमाने सांगतात. आयोवाची पहिली राज्य जत्रा 1854 मध्ये इथेच भरली. इथल्या जेम्स विल्सन यांनी डिसेंबर 1863 मध्ये, अमेरिकेच्या संसदेत गुलामगिरी कायमची बंद करणाऱ्या घटनादुरुस्तीचा ठराव मांडला. 1875 पासून पार्सन्स कॉलेज होतं. एकोणीसशे साठच्या दशकात ते झपाट्याने फुगलं, 1967 मध्ये त्याची मान्यता गेली आणि 1973 मध्ये बंद पडलं. पुढच्याच वर्षी महर्षी महेश योगींच्या विद्यापीठाने ते रिकामं आवार विकत घेतलं. ध्यान करणारे लोक देशभरातून येऊन राहू लागले. ध्यानासाठी दोन सोनेरी घुमट उभे राहिले, एक पुरुषांचा, एक बायकांचा.

तेव्हापासून गावात दोन शब्द आहेत. जुने रहिवासी ‘टाउनी’ आणि ध्यानवाले ‘रू’. रू म्हणजे गुरूमधला रू. सुरुवातीला या शब्दांना टोक होतं, आता म्हातारी माणसंसुद्धा ते सहज उच्चारतात. माझा चेहरा बघून लोक मला रूमध्ये धरतात. मी ध्यान करत नाही. आमच्या घरी गणपती बसतो, संकष्टी असते, तेवढंच. पण दारात उभी राहिले की मला आधी हे उलगडून सांगावं लागायचं की मी विद्यापीठाकडून आलेली नाही. एका दारात तर जनगणनेचा पहिला प्रश्न विचारण्याआधी दहा मिनिटं याच विषयावर गेली. ती दहा मिनिटं मला जड वाटली नाहीत. पंचेचाळीस वर्षं शेजारी राहून ज्या गोष्टी एकमेकांना विचारल्या गेल्या नसतील, त्या एका परक्या बाईला विचारता येतात.

ध्यानवाल्यांच्या घरांनी मला एक वेगळाच त्रास दिला. वास्तुशास्त्राप्रमाणे दक्षिणेचं दार वापरायचं नाही, म्हणून बऱ्याच जुन्या घरांचं रस्त्यावरचं दक्षिणेचं दार कायमचं बंद केलेलं असतं आणि पूर्वेला नवं दार काढलेलं असतं. पत्ता या रस्त्याचा आणि दार त्या बाजूला. बंद दारावर मी तीन वेळा टकटक केली आणि कुणी नाही असं समजून चिठ्ठी खोचायला निघाले, तेवढ्यात आईचं वाक्य आठवलं. वळसा घालून मागे गेले, तर तुळशीसारखं एक रोप ठेवलेली पायरी आणि उघडं दार.

गावाच्या उत्तरेला महर्षी वेदिक सिटी आहे. 2001 मध्ये ती स्वतंत्र नगरपालिका झाली. तिथली घरं सगळी पूर्वाभिमुख, प्रत्येकाच्या छपरावर मधोमध छोटा सोनेरी कळस. सकाळी सातला गेलं की ओळीने सगळ्या कळसांवर एकदम ऊन पडतं. आमच्या कोरेगावच्या घराचं दार दक्षिणेला आहे आणि त्या घरात चार पिढ्या सुखाने नांदल्या, त्यामुळे मी दारांच्या दिशेचा विचार कधी केला नव्हता. पण मैलभर सोयाबीन ओलांडून कळसांची ती रांग समोर आली, की घरच्या देवळाची आठवण होऊन पाऊल थांबायचं.

या वेदिक सिटीचे आकडे जगजाहीर आहेत म्हणून सांगते. 2010 च्या जनगणनेत तिथे 1,294 माणसं होती, 2020 मध्ये 277. मधल्या काळात काय झालं तर भारतातून यज्ञ आणि पठणासाठी आणलेले वैदिक पंडित तिथे मोठ्या संख्येने राहत होते, ते बहुतेक परत गेले. तरुण मुलं होती सगळी. थंडीत जाड कोटाखाली पांढरं धोतर नेसून दुकानात आलेली मी त्यांना पाहिलेली आहेत. एकदा त्यातल्या एकाने मला हिंदीत विचारलं होतं, ‘दीदी, हिंग कहां मिलेगा?’ आमच्या दुकानात नव्हतं. मी घरून डबी आणून दिली. दोन जनगणनांच्या मधल्या दहा वर्षांत एक हजारावर माणसं येऊन गेली आणि कागदावर त्याची खूण म्हणजे हे दोन आकडे.

सप्टेंबर लागला तसे माझे पत्ते गावाबाहेर सरकले. मला काउंटी कळली ती इथून पुढे.

पश्चिमेला बटेव्हिया. मोठा हमरस्ता आणि रेल्वे दोन्ही गावाला लागून जातात. शिकागोहून कॅलिफोर्नियाला जाणारी प्रवासी गाडी या रुळांवरून रोज धावते आणि आमच्या काउंटीत कुठेच थांबत नाही. ओटम्वाला नाहीतर माउंट प्लेझंटला जाऊन बसावं लागतं. नैर्ऋत्येला लिबर्टीव्हिल, वायव्येला पॅकवूड. पॅकवूडजवळ मक्याच्या रानात एकटी उभी असलेली शाळा आहे. आजूबाजूच्या लहान लहान गावांच्या शाळा बंद होऊन सगळ्यांची मिळून ती एक झाली. पिवळ्या बस पहाटे निघतात आणि वीस-वीस मैलांची मुलं गोळा करून आणतात. उत्तरेला प्लेझंट प्लेन, क्वेकर पंथाच्या लोकांनी वसवलेलं, आता शंभराच्याही आत आलेलं. तिथे एका सकाळी मी सगळं गाव पायाखालून घातलं आणि घड्याळात तास भरला नव्हता.

पूर्वेला लॉकरिज आणि त्याच्या उत्तरेला न्यू स्वीडन. इथे मी ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबले. 1845 मध्ये पीटर कासेल नावाचा माणूस स्वीडनमधल्या किसाहून नातेवाईक आणि शेजारी घेऊन आला आणि स्कंक नदीजवळच्या या जमिनीवर उतरला. आयोवातली ही पहिली स्वीडिश वसाहत. त्याने गावी पत्रं लिहिली : जमीन चांगली आहे, या. ती पत्रं स्वीडनमध्ये वर्तमानपत्रांत छापली गेली आणि माणसं निघाली. पुढच्या वर्षी एक तुकडी त्याच्याकडे यायला निघाली आणि चुकून स्कंक नदीऐवजी दे मॉइन नदीच्या काठाने वर जात राहिली. कासेल सापडलाच नाही, पण जमीन चांगली लागली म्हणून ते तिथेच राहिले आणि दुसरं गाव वसवलं. आज न्यू स्वीडनमध्ये चर्च आहे, स्मशानभूमी आहे आणि शेतांतून विखुरलेली घरं. दगडांवरची नावं वाचत गेलं की एकाच घरातली पाच-पाच लेकरं एका ओळीत निजलेली दिसतात. मीही पत्रं वाचून आलेल्यांपैकीच एक आहे. आमच्या वेळी ती ईमेल होती, नवऱ्याच्या मित्राने पाठवलेली : गाव लहान आहे, घरभाडं कमी आहे, या.

शेतातल्या घरांची एक रीत आहे. घर रस्त्यापासून लांब आत असतं आणि घराकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी घरक्रमांकाची छोटी पाटी असते. आत गाडी घातली की आधी कुत्रं येतं. मी गाडीतच बसून राहायची, एकदा हळू हॉर्न द्यायची. मग कुणीतरी बाहेर येतं, कुत्र्याला नावाने हाक मारतं आणि ते शेपूट हलवत बाजूला होतं. घरात कुणी नसेल तर गोठ्याकडे, यंत्रांच्या शेडकडे बघायचं. एका जुन्या गोठ्यात मी वाट बघत उभी होते तेव्हा वर आढ्याखाली लोखंडी रूळ दिसला आणि त्याच्यावर चाकांचा एक गंजलेला गाडा. त्यावर ओतीव अक्षरं होती : लाउडन, फेअरफिल्ड, आयोवा. गवताचे भारे उचलून आढ्याखालून गोठ्याच्या या टोकापासून त्या टोकाला नेणारा हा गाडा. फेअरफिल्डच्या विल्यम लाउडनने 1867 मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि देशभरातल्या गोठ्यांत तो पोचला. मी हात वर करून चाक फिरवलं. कुरकुरलं, पण फिरलं. दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाने शेतकऱ्याच्या पाठीचं ओझं हलकं करायचं मनावर घेतलं आणि त्याचं चाक अजून फिरतंय, याचा मला फार आनंद झाला.

कामाची अखेरची तारीख मधल्या काळात बदलत राहिली. आधी 31 ऑक्टोबर होती, मग 30 सप्टेंबर ठरली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि शेवटी 15 ऑक्टोबरला काम थांबलं. त्या महिन्यात मला सर्वांत जास्त चिंता होती ती पाणंदीतल्या त्या घराची.

पहिल्या दिवशी चिखलातून चालत गेले तेव्हा घर सापडलं होतं. पांढरा रंग उडालेला, ओसरीची एक बाजू खचलेली, अंगणात गवत. टपालपेटीचा नुसता खांब उरला होता. कुणीही म्हणालं असतं की इथे कुणी राहत नाही. मी खिडकीखाली उभी राहिले तेव्हा आत काही हललं नाही. ओसरीवर मात्र मांजराची ताटली होती, आणि ती कोरडी असली तरी स्वच्छ होती. मी चिठ्ठी ठेवली. पुन्हा गेले, चिठ्ठी तिथेच. तिसऱ्यांदा गेले तेव्हा चिठ्ठी नव्हती. वाऱ्याने गेली की कुणी घेतली ते कळेना.

आता शेजाऱ्याला विचारायचं, तर सर्वांत जवळचं घर दीड मैलावर आणि तिथेही दिवसा कुणी नाही, कारण कापणी सुरू झाली होती. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली संध्याकाळ होती. पाणंदीच्या पलीकडच्या रानात कंबाइन चालू होतं, धुळीचा मोठा लोट आणि त्यात दिवे. शेतकऱ्याला कापणीत थांबवणं म्हणजे काय हे मला माहीत आहे. आमच्याकडे उसाला तोड आली की वडील जेवायलासुद्धा घरी येत नसत. मी बांधाशी जाऊन उभी राहिले. हातही केला नाही. कंबाइन दोनदा टोकापर्यंत येऊन वळलं. दोन्ही वेळा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून त्याने मला पाहिल्याचं सांगितलं. इथल्या रस्त्यांवर अनोळखी गाड्यासुद्धा एकमेकींना असाच रामराम करतात. तिसऱ्या फेरीला यंत्र थांबलं, दार उघडलं आणि टोपी घातलेला एक वयस्क माणूस शिडीवरून खाली आला. त्याच्या भुवयांवर मक्याची लाल-तपकिरी धूळ बसली होती. मी ओळखपत्र दाखवलं आणि पाणंदीकडे बोट केलं.

तो बोलला. मी फोनवर नोंद केली. उत्तर काय होतं ते मला सांगता येणार नाही. निघताना त्याने यंत्राच्या डब्यातून पाण्याची गार बाटली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, अंधार पडला की हरणं रस्त्यावर येतात, सावकाश जा. एवढं मात्र सांगायला हरकत नाही.

15 ऑक्टोबरनंतर फोन आणि पिशवी परत केली. भाषांचं पत्रकही परत करावं लागलं. पुढचे कितीतरी दिवस मी भाजी आणायला निघाले तरी नजर आपोआप वाटांच्या तोंडाशी असलेल्या पाट्यांकडे जायची. मुलगी म्हणायची, आई, काम संपलं ना?

12 ऑगस्ट 2021 रोजी काउंट्यांचे आकडे जाहीर झाले. जेफरसन काउंटी : 15,663. दहा वर्षांपूर्वी 16,843 होते. बाराशेच्या आसपास माणसं कमी. मी तो आकडा स्क्रीनवर बराच वेळ बघत बसले. त्यात बटेव्हियाची रुळांलगतची घरं होती, प्लेझंट प्लेनची ती सकाळ होती, कळसांची रांग होती, माझ्या घरातले आम्ही तिघंही होतो. रात्री आईला फोन लावला, तिकडे सकाळ झाली होती. आकडा सांगितला. तिने तो पाटीवर लिहिल्यासारखा एकदा मोठ्याने म्हणून बघितला.

“आणि ते पाणंदीतलं घर? त्याचं काय निघालं गं?”

“ते सांगता येत नाही, आई. शपथ आहे.”

“हो की,” आई म्हणाली. मग जरा वेळ थांबून तिने कोरेगावात यंदा पाऊस किती झाला ते सांगायला घेतलं.